शिट्टी वाजलीच नाही

– छे, छे, बूट राहू दे, बस त्या बाकावर. बाकीचे तिघं गेले मैदानावर, बैठक संपली. पण पांढरी टोपी माझ्या डोक्यावर, म्हणजे मुख्य पंच मी – मग नवख्या माणसाला दोन गोष्टी मीच सांगायच्या ना? साखळीवाल्यांना भेटायचंय तुला. दहा यार्ड मोजायची साखळी धरणारे, गावातलेच असतात, कुणाचा बाप, कुणाचा मामा. सांग त्यांना, आरडाओरडा नको, आपल्या पोरांना शाबासकी नको. मी? मी नाही येत. मुख्य पंच जात नाही तिकडे – जातो कधीमधी, पण आज नाही. हसू नकोस, कोल्बी.

घाबरलोय असं वाटतं? अरे, सव्वीस वर्षं अमेरिकन फुटबॉलचा पंच आहे मी! – बरं, घाबरलोय. गेल्या वर्षी माझी शिट्टी चुकून वाजली. पोरगं चेंडू काखेत मारून सुसाट सुटलेलं, आणि मला वाटलं, पडलं. शिट्टी वाजली की खेळ तिथंच थांबतो, मग देवही काही करू शकत नाही. गावाचा हातातला सामना गेला. माझ्या गाडीचे चारही टायर फाडले, बायकोला फोनवर शिव्या. तेव्हापासून शिट्टी तोंडात धरतच नाही, बोटात अडकवतो – विचार करायला वेळ मिळतो. मघाशी तुम्हालाही तेच सांगितलं ना, घाई नको, घाई नको म्हणून?

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी, याच मैदानावर – बावीस नंबर, ब्रुन्गार्टचा टायसन. तिघांनी कवटाळलेला, जागच्या जागी अडकलेला. अडकला म्हणजे संपलं, वाजवायची! मी बघत होतो रे. हात तोंडाशी नेला – आणि पुन्हा चुकली तर? एक सेकंद गेला, दोन गेले. तेवढ्यात चौथा धावत आला तो थेट मानेवर आदळला. पोरगं आडवं, म्हणतं, "मला बोटं जाणवत नाहीयेत." जाणवायला लागली नंतर, देवाची कृपा. गळ्याला पट्टा आहे अजून. आणि अहवालात मी काय लिहिलं? ‘खेळाडू पुढे सरकत होता.’ खोटं! साफ खोटं! – हे मी बोलणारच नव्हतो.

त्याचा बाप, लेरॉय, साखळी धरतो. हो, आजसुद्धा. त्या दिवशी माझा हात धरून मलाच म्हणाला, "मर्लिन, तू तरी काय करणार होतास?"

ऐक. आज कुणी असा अडकला आणि माझी शिट्टी आली नाही, तर तू वाजव. माझ्याकडे बघत बसू नकोस. गाव अंगावर आलं तरी वाजव. अरे, हो म्हण ना!

कोण ठोठावतंय? – अं... लेरॉय, तू? साखळीवाले जमले? हो, हा येतोय, हा आमचा नवा – नाही, थांब. तू जाऊ नकोस, लेरॉय. आत ये, बस जरा. टायसनबद्दल... कोल्बी, तू नीघ. नीघ म्हणतो ना!