आवरणारी

मंडळी, आज कीर्तनात एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. शत्रू आला की लढतो, तो शूर. पण आलेला शत्रूच नसेल, तर? तेव्हा शूर कोणाला म्हणायचं?

ऐका! कोकणातल्या एका गावी आठल्यांच्या घरी सासूबाईंनी, गोदाक्कांनी, लक्षवातींचं व्रत धरलं. सरकी काढायची, कापूस पिंजायचा, हातानं वाती वळायच्या... लाख! (तुम्ही तयार वातींचं पाकीट आणता ना? असू द्या, देव काही रागावत नाही.) हाताशी दोन सुना, थोरली शरयू नि धाकटी मालिनी.

मालिनीला दमा. एरवी रोज पंप घ्यायची. पण व्रतात तिनं मनाशी ठरवलं, औषध तोंडात गेलं तर उपास मोडेल! रोजचा नि ऐन वेळचा, दोन्ही पंप गेले फडताळात. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही! आपणच आपल्याला देवापेक्षा कडक नियम घालून घेतो. खरं ना, बायांनो?

एका एकादशीला माळ्यावरचा जुना कापूस काढला. पिंजताच धूळ उडाली... आणि मालिनीची छाती घरघरायला लागली.

आता जरा त्या छातीत डोकावू. आपल्या देहात पांढऱ्या पेशींची फौज असते. जंतू आला की तुटून पडते, म्हणून तर आपण इथे बसलोय! पण अशा दम्यात ती साध्या धुळीलाच शत्रू समजते. 'धावा! धावा!' अशी आरोळी उठते. श्वासाच्या नळ्या सुजतात, आवळतात, कफानं भरतात. आणि गुदमरतं कोण? जिला राखायचं, तीच!

पण मंडळी, त्याच फौजेत, त्याच कुळात, देवानं काही पेशी आवरण्यासाठी ठेवल्यात. त्या म्हणतात, 'पुरे. ही धूळ आहे. शांत व्हा.' मग हळूहळू सूज उतरते. दमेकऱ्याच्या देहात हे आवरणं कमी पडतं, म्हणून औषधाचा आधार.

तिकडे ओसरीवर काय चाललंय? शरयू म्हणते, "झेपत नाही, तर वातींना हात कशाला लावायचा गं?" वाती वळायला आलेली शेजारीण म्हणते, "आता उठलीस तर लाख पुऱ्या व्हायच्या नाहीत हो!" मालिनीच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ निळे पडत चाललेले, आणि बोटं... बोटं वात वळतच होती!

मग उठलं कोण? गोदाक्का! सोवळ्यात मांजर शिवलं तरी पुन्हा न्हाणाऱ्या गोदाक्का!

"पुरे! कापूस बाहेर न्या. मालिनी, ऐन वेळचा पंप कुठाय?"

तिनं फडताळाकडे बोट केलं. "आई... आज... उपास..."

"उपास माझ्या माथी! देवाला वाती हव्यात गं, तुझा श्वास नको. ओढ!"

तशाच तिला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऐन वेळचा पंप श्वास मोकळा करतो, रोजचा आतली सूज निववतो. तो उपासालाही चुकवायचा नाही. आणि कापसापासून लांब!"

लाख पुऱ्या झाल्या? झाल्या! उरलेल्या त्याच शरयूनं वळल्या. समाप्तीला मालिनी लांब अंगणात उभी होती. आरती म्हणत होती. अख्खी आरती, मध्ये कुठेही न थांबता!

मंडळी, आपल्या घरीही आरोळी उठते, साध्या धुळीवरून. तेव्हा 'पुरे' कोण म्हणतं? मनाशी उत्तर द्या, मला नको.

आणि इथे जिनं उपास म्हणून सकाळी पंप घेतला नसेल, तिनं आत्ता उठावं. लाजू नये, बाई. टाळ थांबतील. मी थांबते. देवही थांबेल.