बुगडीचा कान

आई : मान वाकडी कर वं, प्रेमलता. उजेड दारातून येऊन राहिला.

प्रेमलता : आधी हात दाखव. आत्ता मिरचीचे देठ खुडत होतीस.

आई : धुतले ना. पीठ चोळून धुतले.

प्रेमलता : भिवापूरची मिरची पिठानं जाते?

आई : नाही गेली तं तुलेच कळन. बस गुमान. ग्रंथालयात दिवसभर लोकायले गप्प बसवते, अन् कानाले हात लावला का लेकरासारखी करते.

प्रेमलता : लावलास कुठं अजून?

आई : पाह्य, तार पुन्हा चिकटली. रातभर पाणी आलं असन. दिवाळीले सोनारानं टोचला, संक्रांत गेली, तरी वरचा कान ओलाच. शेजारची सिंधूताई तं म्हणून राहिली, काढून टाका तार, पोरीचा कान सडन.

प्रेमलता : तू काय म्हणालीस?

आई : म्हटलं, तार काढली का भोक बुजते. मंग माही बुगडी कोणाच्या कानात जाईन? तुह्या वहिनीले विचारलं, तं हासली. म्हणे, आता बुगडी कोण घालते, सासूबाई? तिच्यावर राग नाही माहा. पण माह्या मायची बुगडी हाय, पेटीत कायले पडू देऊ?

प्रेमलता : म्हणून तर टोचून घेतला ना मी. या वयात.

आई : लय उपकार केले. आता हलू नको. पापोडा निघाला पाण्यानं. तेल-हळद लावते अन् तार फिरवते. आमची माय असीच रोज फिरवे, म्हणून माह्या कानात तार अटकली नाही. दुखते का?

प्रेमलता : नाही.

आई : खोटं बोलून राहिली. डोळ्यांत पाणी आलं.

प्रेमलता : ते मिरचीचं.

आई : डॉक्टरले दोन खेपा दाखवला, काय म्हणते तो?

प्रेमलता : मिठाच्या पाण्यानं पुसा, त्या कुशीवर झोपू नका.

आई : बस, एवढंच? हे तं मीबी सांगत होती. झालं, ऊठ. उद्या जरा लवकर बसजो, मिरची गच्चीवर टाकाची हाय.

(दुसऱ्या दिवशी पहाटे आई अंथरुणातच गेली. तेरवी उरकल्यावर त्याच दारात प्रेमलता आणि भिवापूरहून आलेली आईची धाकटी बहीण, भागीरथा.)

भागीरथा : पाह्यू दे कान. अवं, सुकला हा. लाल नाही, गरम नाही. तार आपली आपण सरकून राहिली. काय लावलं?

प्रेमलता : काही नाही. सुतकात तेल नको म्हणून वहिनीनं वाटी उचलून ठेवली. आंघोळीचं पाणी लागायचं तेवढंच. कोणी हात लावला नाही.

भागीरथा : तुह्या मायनं, रुखमाबाईनं, जाता जाता तुहं दुखणं संगं नेलं, पोरी. थांब, बुगडी आणते. तिच्या हातानं घालाची होती, आता मी घालते म्हणा.

प्रेमलता : मावशी, बस जरा. तिनं काही नेलं नाही. डॉक्टरांनी पहिल्याच खेपेला सांगितलं होतं. वरच्या कानात मांस नसतं, जखम सावकाश भरते. तार फिरवली की आत धरू लागलेली नवी कातडी फाटते. स्वच्छ ठेवा आणि हात लावू नका, म्हणाले.

भागीरथा : अन् बाई तं रोज फिरवे.

प्रेमलता : रोज.

भागीरथा : सांगून ऐकलं नाही तिनं?

प्रेमलता : मी सांगितलंच नाही.

भागीरथा : काहून वं? मायची रीत म्हणून अडून बसणारी नव्हती रुखमाबाई. ऐकलं असतं.

प्रेमलता : ऐकलं असतं. त्याच दिवशी तेलाची वाटी फळीवर गेली असती.

भागीरथा : मंग?

प्रेमलता : तू यायचीस तेव्हा आम्हांला मांडीवर घ्यायचीस. तिला ते जमायचं नाही. ताप आला की काढा करायची, उशाशी पाणी ठेवायची. कपाळाला हात मात्र बाबा लावायचे.

भागीरथा : तिले लाड येतच नव्हते. आमची मायही तसीच. पण कान सडला असता तं?

प्रेमलता : सडला तर सडू दे, असं वाटायचं. सकाळी ती माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं करायची. मला तिचा हात हवा होता.