पहिल्या पंगतीतली जानकी

...आणि वर म्हणे, "बसून तळ ना, डॉक्टरांनी आराम सांगितलाय!" ऐकलंत? बसून तळ! तुम्हाला सांगते, माझ्या हातात झारा असता ना त्या वेळी... पण जाऊ दे. मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई उगाच तापलीय.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची चाळ. मधे एक भिंत, पलीकडे जानकी. खालच्या नळावरून कळशी घेऊन वर यायची तर अर्ध्या वाटेत थांबायची. छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं व्हायचं तिला. घाम पुसायची आणि म्हणायची, पित्त असेल गं. बायकांचं सगळं पित्तच असतं, नाही का? पुरुषाला शिंक आली की आजार, बाईचा जीव चालला तरी पित्त! शेवटी मीच तिला ओढत ऑगस्टीन डॉक्टरांकडे नेली. मढचा माणूस, बोलणं मऊ. यंत्राला जोडून छातीची ईसीजीची पट्टी काढली, बघितली, आणि विचारलं काय, तर तुम्ही जेवता कधी? जानकी म्हणाली, सगळ्यांचं झालं की. आणि बसता कधी? ती म्हणाली, तेव्हाच.

मग डॉक्टरांनी तिला समजावलं. "हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण मोठी नळी जिथे सुरू होते, तिथेच पहिल्या दोन फांद्या त्याच्या स्वतःच्या. आधी स्वतःचं, मग जगाचं! आणि घेतं कधी? आवळलं की त्याच्याच नळ्या दाबल्या जातात. सैल सुटलं की त्या तेवढ्या उसंतीत ते आपलं रक्त घेतं. काम वाढलं तर नळ्या स्वतःच रुंद करतं, कुणाला विचारायला जात नाही. तुमच्या नळ्या आत अरुंद झाल्यात. ते बिचारं होतं तेवढं रुंद करून गुपचूप भागवत होतं, म्हणून इतके दिवस कळलं नाही. आता आणखी रुंद करायला जागा नाही. तुम्ही धावलात की त्याची उसंत जाते."

जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या, आराम सांगितला, आणि आम्ही निघालो. डोंगर चढताना जानकी मधेच उभी राहिली आणि हसायला लागली. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला! तर म्हणते कशी, "बघ ना, माझ्याच छातीत बसून हे आधी स्वतःचं घेत होतं, आणि मला मेलीला पत्ता नाही." मग डोळे पुसले आणि म्हणाली, "यंदा गौरीच्या तिखट्या सणाला मी पहिल्या पंगतीत बसणार."

आता तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? अहो, वडे-सागोती! मटणाचा रस्सा आणि टम्म फुगलेले वडे, कढईतून थेट पानात. थंड झाला की वडा मेला. म्हणजे तळणारीने शेवटी बसायचं आणि उरलेले दोन चपटे वडे पातेलं पुसून खायचे. लग्न होऊन या घरात आल्यापासून जानकीने सणाचा गरम वडा खाल्लेला नाही!

सणाच्या दिवशी पानं मांडली आणि तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. तिचा नवरा दशरथ, गिरणी संपात गेली तेव्हापासून वॉचमन आहे, माणूस वाईट नाही हो, तेच तर दुखणं आहे! वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. त्याने मान डोलावली, पाहुण्यांना हृदयावर भाषण दिलं, आधी स्वतःचं, मग जगाचं, सायन्स आहे म्हणे हे... आणि बोलता बोलता पहिल्या पानावर स्वतःच बसला. नणंद सुलक्षणा बोरिवलीहून नवी साडी नेसून आलेली. म्हणाली, वहिनी, तू बस की गं खुशाल, मला मात्र तेलाचा वास सोसत नाही.

सासूने, शेवंतीबाईंनी, एवढंच विचारलं, "मगे वडे कोण तळतलो?"

सगळे आपापल्या पानात बघायला लागले. पानात काय होतं? मीठ! मी दारातून म्हटलं, मी तळते. तर सणाच्या कढईला बाहेरचीचा हात नको म्हणे. आणि तेव्हा दशरथला ती अक्कल सुचली, बसून तळ ना! पाट स्टोव्हजवळ सरकवला, जानकीचं पान तिच्या पुढ्यात मांडलं, झाली की नाही पहिली पंगत?

तिने पहिला वडा स्वतःच्या पानात ठेवला. असा फुगलेला... तिने बोट लावून बघितलं, पोर बघते तसं. तेवढ्यात सुलक्षणा म्हणते, वहिनी, तो इकडे दे, तू काय, तळतेच आहेस. दिला. दुसरा ठेवला, तो दशरथला. तिसरा पाहुणा म्हणून आलेल्या दशरथच्या साहेबाला. मग रस्सा वाढ, मग लिंबू कुठाय, उठ, बस, उठ, आणि हे सगळं आरामात हं! डॉक्टरांनी सांगितलेली ती उसंत असते ना, ती त्या घरात कुणाकुणाच्या पानात गेली देव जाणे.

मी दारातून बघत होते. जानकीचा झारा थांबला. चेहरा पांढरा पडला, एक हात छातीवर. दुसऱ्या हाताने कनवटीची पुडी सोडली आणि गोळी जिभेखाली ठेवली. मी धावले तर मानेनेच नको म्हणाली. भिंतीला टेकली, डोळे मिटले. वडे तळायचे थांबले तेव्हा कुठे सगळ्यांनी मान वळवली.

शेवंतीबाई म्हणाल्या, "काय गो, आमचं जेवण होण्याआधीच तोंडात काय टाकलंस?"

जानकीने डोळे उघडले. गोळी विरेपर्यंत बोलता येत नव्हतं, म्हणून थांबली. मग झारा उचलला, कढईतला करपलेला वडा काढून आपल्या पानात ठेवला आणि म्हणाली, "काही नाही, आई. आधी स्वतःचं."