स्वतःकडे ओढायची करवत

आखातातल्या मुहर्रकच्या विमानतळावर वजन तीन किलो जास्त भरलं, म्हणून माझ्यापुढचं वसईचं जोडपं रांगेतच बॅग उघडून बसलं.

"व्हिन्सेंट, ही करवत कुणाला?"

"तुझ्या डॅडींना. जपानी आहे."

"खांदा निकामी झाल्यापासून त्यांनी हत्याराला हात लावलाय का?"

"म्हणूनच घेतली, जोसेफीन. आपली करवत ढकलायला खांद्याचा जोर लागतो. जपानी सुतार ही स्वतःकडे ओढतात. पातं बघ किती पातळ आहे. लाकूड अलगद कापतं."

"तुला काय माहीत?"

"महिनाभर गच्चीवर फळ्या कापून बघितल्या, एका हाताने."

"म्हणजे तू जिमला जात नव्हतास?"

"नव्हतो."

"डॅडी घेणार नाहीत. जावयाची दया नको म्हणतील."

"दया कसली? मी म्हणेन, मला बिनखिळ्याचा सांधा शिकवा. आपल्या लग्नातल्या कपाटाला त्यांनी केलाय तसा."

मग तिने दूध पावडरचे डबे बाहेर काढले.

"माझ्या सिल्कच्या साडीत गुंडाळ ती."

"अगं, दात अडकून साडी फाटेल."

"फाटू दे."