वकीलसाबांच्या गाडीचा कार्बोरेटर

आमी मूळचे देवणीकडचे, बाप जनावरं राखायचा, मला मात्र इंजनाचं याड, म्हणून लातूरला आलो, ग्यारेजात शिकलो आन् जुन्या गाड्यातच जिंदगी गेली. काय सांगू तुम्हाला, जुन्या गाडीचा समदा जीव कार्बोरेटरमधी असतो, हवा किती पेट्रोल किती ते त्यानंच ठरवायचं, तो बिघडला की गाडी दमेकऱ्यावानी धापा टाकती.

तर आमच्या गल्लीतले वकीलसाब, त्यांची तरुणपणी घेतलेली काळी गाडी. साबांना इसरायचा आजार झालेला, बायकोला ताई म्हणायचे, पर गाडीचा आवाज आला की बरोबर येऊन बसायचे. ती बंद पडली तशा साबांच्या बायकू, आमच्या काकू, माझ्याकडं आल्या, म्हणल्या दादा, कसं बी करा, गाडी हाय तवर हे घराबाहेर तरी निघतेत हो.

उघडून बघितलं तर कार्बोरेटरची झडप फिरवणारा दांडा झिजून ढिला, फटीतनं हवा घुसून राहिली. म्हणलं ह्याच्यापेक्षा दुसऱ्या गाडीचा मोठा बसवू. नांदेडच्या भंगारात घावला एक, माप जुळंना म्हणून खाली जाड पट्टी कापून बसवला, पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे जेट बदलले, इंजन असं मऊ चालाया लागलं की मीच खूश. काकू साबांना हाताला धरून घेऊन आल्या. साब ऐकत उभे राहिले, ऐकत उभे राहिले, आन् म्हणले ही आमची न्हाई, आमची कुठं नेली? मी म्हणलं साब, तुमचीच हाय की. तर माझी कॉलर धरली, चोर हाय ह्यो, म्हणून लेकरावानी रडाया लागले. काकूंनी पदर तोंडाला लावला. मला अन्न ग्वाड लागंना.

मग परत जुनाच घेतला. लेथवर पितळी कडं, बुश म्हणतेत त्याला, करून दांडा घट्ट केला, जेट पहिलेच ठेवले, पेट्रोल जास्त पितो तर पिऊ दे. सुधारायला हात शिवशिवत होते, पर न्हाई सुधारलं. गाडी खोकली, धूर सोडला, चालू झाली. साब गुमान माझ्या बाजूचं दार उघडून बसले, काकूला म्हणले बसा ताई, तुम्हाला बी घरी सोडतो.

काकू पदर सावरून मागं बसल्या.

आता दर ऐतवारी मीच चालवतो. परवा गाडी चालू केली तरी साब वट्यावरच बसून राहिले, आवाज वळखलाच न्हाई त्यांनी. काकू म्हणल्या राहू द्या दादा, म्होरल्या ऐतवारी बघू. बघू म्हणलं. माहूरच्या आईनं त्या बाईला बळ द्यावं, दुसरं काय मागू.