मध लावलेली बोटं

मंडळी, आणि समोर बसलेल्या काकी,

कॉलेजात रोज तास तास बोलणारा मी मास्तर. आज थोडंच बोलणार आहे. परवा राणबाकाका तापानं गेले. राधानगरीकडं मधमाश्या पाळणारा हा माणूस माझा गुरू होता. त्यांच्या हयातीत मी हे एकदाही म्हटलं नाही. आज म्हणतो.

मधमाशीच्या विषानं पू करणारे जंतू मरतात का, हे मला बघायचं होतं. विष कोण देणार? काकांनी दिलं. एकेक माशी चिमट्यात धरायची, टिपकागदावर डंख मारायला लावायचा. निसटलेल्या माश्या काकांनाच डसायच्या. त्या कागदाचं पाणी मी जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत घातलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिथं सुपारीएवढं स्वच्छ वर्तुळ. जंतूच नाहीत! मी कॉलेजभर सांगत सुटलो. शनिवारी सगळ्यांपुढं दाखवायचं ठरलं.

शुक्रवारी काका पहिल्या गाडीनं दारात हजर.

"मास्तर, माशी डसली की मी बोटास्नी मध लावतो. त्याच बोटांनी कागद धरलता. मधानं बी जखम चिघळत न्हाय. मग गुण इखाचा का मधाचा?"

मी चिडलो. खरं सांगतो, मंडळी, चिडलो. म्हणालो, "काका, हे कुणाला कळणार आहे?"

"मला ठावं हाय. तुमास्नी आता ठावं झालं. दोघं कमी हायत व्हय?"

शनिवारचा कार्यक्रम मी रद्द केला. लोक हसले. पुन्हा माश्या, पुन्हा चिमटा. या खेपेला काकांनी साबणानं हात धुतले आणि काम संपेपर्यंत मधाला शिवले नाहीत. हात कोपरापर्यंत सुजले. काकी, ते चार दिवस तुम्ही त्यांना भाकरी भरवलीत, हे मला फार उशिरा कळलं.

नवं वर्तुळ जेमतेम मसुराएवढं. माझं तोंड उतरलं. काका बशीवर वाकले.

"बारकं हाय. पर हाय की!"

आज मला कुणी सचोटीचा मास्तर म्हणतं. मंडळी, ती सचोटी राधानगरीच्या गाडीनं आली होती. काकी, मी तुमच्या घराचा फार फार ऋणी आहे.

मधमाश्यांची पेटी उघडताना माझी बडबड सुरू झाली की काका म्हणायचे, "मास्तर, वाईच गप ऱ्हावा. त्यास्नी त्येंचं काम करू द्या."

चला, उभे राहूया. दोन मिनिटं गप राहूया.

काका, आज तुम्हाला सांगावं लागणार नाही.