हान्काचा बाप

मंडळी, ऐका! बाप जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि लेकीनं जगाला कळू दिलं, 'तो वारला!' बापानं काय करावं? भांडावं? सांगा पाहू!

गोष्ट हॉलिवूडची आहे. हसता काय? कीर्तनकार बुवा सिनेमा बघत नाहीत? बघतात हो — मागच्या रांगेत, उपरणं तोंडावर घेऊन!

ऐंशी-नव्वद वर्षांमागं अमेरिकेत, कोळशाच्या खाणीत आन्टोन राबायचा. स्लोव्हाकियातून आलेला. त्याला आईवेगळी एक पोर — हान्का. तिची वेणी बापच घालायचा. हात कितीदा धुतले, तरी रिबिनीला काळं लागायचंच!

पोर देखणी. अठराव्या वर्षी स्टुडिओत उभी राहिली. मालक म्हणाला, "आजपासून तू हेलन व्हेअर. बाप काय करतो?"

"खाणीत असतो."

"छे! तो सरदार होता. जहाज बुडून वारला. असंच छापायचं!"

हान्का गप्प राहिली. 'हो' म्हणाली नाही बरं का — नुसती गप्प! आपणही गप्पच राहतो की नाही, सोयीचं असलं म्हणजे?

छापून आलं. महिन्याभरात बापाचं पत्र. पत्ता दुसऱ्याच गावचा! "पोरी, वाचलं. जुन्या गावात सगळे तुला ओळखतात, म्हणून इकडच्या खाणीवर आलो. तू सुखात राहा."

ढसाढसा रडली. उत्तर लिहायला बसली — तोच शूटिंगची गाडी दारात! म्हणाली, उद्या लिहीन.

वीस वर्षं गेली, मंडळी! तीस चित्रपट झाले. दोन लग्नं झाली, दोन्ही मोडली. मग डोळ्यांखाली सुरकुत्या आल्या, स्टुडिओनं निरोप दिला, फोन वाजेना. तेव्हा ते पत्र काढलं आणि गेली त्या पत्त्यावर.

दार आन्टोननंच उघडलं. वाकलेला, छातीत खोकला. ओळखलं का? बघताक्षणी! डोळे भरले. पण म्हणाला काय?

"या बाई. बसा."

"बाबा, मला अहो-जाहो करता?"

तेवढ्यात शेजारीण डोकावली. "कोण आलंय?"

"सिनेमातल्या बाई आहेत. वाट चुकल्या," म्हातारा म्हणाला. "कॉफी घेऊन जातील."

ती गेल्यावर हान्कानं बापाचे हात घट्ट धरले. "बाबा, चुकले हो मी!"

"मी रागावलो नाही कधी. तुम्ही सांगितलंत बाप वारला. मी तुम्हाला खोटं पडू दिलं नाही, बाई."

पंधरा दिवस राहिली. एकदा, एकदाच 'तू' म्हणा म्हणून विनवलं. म्हातारा नुसता हसायचा. वीस वर्षं जीभ आवरली होती त्यानं — ती सैल होईना!

त्याच वर्षी, थंडीत तो गेला. चर्चमध्ये धर्मगुरूंनी विचारलं, "यांच्या मागं कोणी आहे?"

हान्का उभी राहिली. "मी. मी त्यांची मुलगी!" आणि हंबरडा फोडला.

शेजारीण नवऱ्याला हळूच म्हणाली, "किती छान काम करते नाही ही!"

…आता हसत नाही कोणी! हसू नकाच. परवा साहेब घरी आले, तेव्हा ओसरीवरच्या म्हाताऱ्याची ओळख 'आमच्या गावचे आहेत' अशी कोणी करून दिली? नाव नाही घेत मी. कीर्तन इथंच थांबवतो, आरतीलाही थांबू नका. तो म्हातारा अजून जागा असेल — जा, आणि त्याला बाबा म्हणा!